लॅपटॉपची हार्ड डिस्क ५६ अंशांवर! जाणकारांनी मदत करावी

साखळीकर_प्र
नमस्कार मंडळी.
घरी २०१६ सालचा लॅपटॉप आहे. आत १ टीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क, रॅम ४ जीबी, विंडोज १०. हल्ली डावा तळवा टेकतो तिथे चटका बसायला लागलाय. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राम टाकून बघितलं, तर नुसता चालू ठेवला तरी ५१-५२ आणि फायली कॉपी करायला घेतल्या की ५६. तापमानाची चौकट पिवळी दिसते. मध्येच सगळं गोठतं, टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १००%.

लॅपटॉपचं दुःख नाही, जुना आहे. पण बाबांच्या भजनांच्या कॅसेटी मी त्यावर उतरवून ठेवल्यात. मूळ कॅसेटींना पावसात बुरशी आली, आता त्या लागतही नाहीत. म्हणजे डिस्कवर आहे तेवढंच शिल्लक.

५६ म्हणजे धोका समजायचा का? कूलिंग पॅड घेऊ का? दुकानदार म्हणतो, "मे महिना आहे, सगळ्यांचेच तापतात, नवीन घेऊन टाका."

पाटोवाला
दुसरी प्रत कुठे आहे? नसेल तर हा धागा बंद करा, पेन ड्राइव्ह शोधा, भजनं उतरवा आणि मग परत या. तापमानाची चर्चा कुठे पळून जात नाही.

भिवपाची_गरज_ना
५६ ला काय होत नाही. बहुतेक लॅपटॉपवाल्या डिस्कांना कंपनीच ६० पर्यंत मुभा देते. खोलीतच ३४ असताना डिस्क ४० वर राहावी अशी अपेक्षा करणं म्हणजे जरा जास्तच. नाव वाचा माझं, घाबरायची गरज नाही.

पाटोवाला
@भिवपाची_गरज_ना, मुभा ६० पर्यंत म्हणून रोज ५९ वर पळवायची का? आणि ते तापमान तो लॅपटॉप काही न करता बसलेला असताना ५२ आहे. मला त्याची जास्त काळजी वाटते. काम नसताना डिस्क शांत असायला हवी.

नारळपाणी
फ्रीझरमध्ये ठेवा अर्धा तास. नेटवर वाचलंय, मेलेल्या डिस्का पण उठतात म्हणे. बाजूला बांगडे असतील तर पिशवीत घालून ठेवा म्हणजे झालं.

फोंडेकरीण
कृपा करून हे कुणी मनावर घेऊ नका. फार जुन्या काही डिस्कांत डेटा वाचणारं हेड तबकडीला चिकटून बसायचं, थंड झाल्यावर कधीमधी सुटायचं. तिथून ही दंतकथा निघाली आणि अजून फिरतेय. आपल्या हवेत फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवली की दोन मिनिटांत खाली डबकं होतं. तेच पाणी डिस्कच्या सर्किट बोर्डवर जमणार. शिवाय साध्या डिस्का हवाबंद नसतात, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून त्यांना गाळणी बसवलेलं बारीक छिद्र असतं. म्हणजे आतही आपलीच दमट हवा. गार झालेल्या तबकडीवर ओल धरली आणि डिस्क फिरवली की संपलं.

नारळपाणी
गंमत केली गो बाय. बांगडे आमच्याकडे फ्रीझरपर्यंत पोचतच नाहीत.

आकडेमोड
तापमानाचा बाऊ फार होतो असं माझं मत. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, एक लाखाहून जास्त डिस्कांच्या नोंदींवर. तापमान आणि बिघाड यांचा संबंध त्यांना अपेक्षेपेक्षा बराच कमी सापडला. उलट, थंड राहिलेल्या डिस्कांत बिघाडाचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हा ५० च्या वर गेलं म्हणून धावाधाव नको.

फोंडेकरीण
निबंध पुढेही वाचा ना. खूप चढ्या तापमानाला आणि तीन वर्षांपुढच्या डिस्कांना तापमान बाधतं, हेही त्यातच आहे. साखळीकरांची डिस्क २०१६ ची आहे, म्हणजे 'जुनी' या व्याख्येत ती कधीचीच जाऊन बसली. आणि त्या डिस्का डेटा सेंटरमध्ये रांगेत, वाऱ्यात बसलेल्या. इथे लॅपटॉपच्या पोटात, गादीवर, मे महिन्यात.

आकडेमोड
जुन्या डिस्कांचा मुद्दा मान्य. गादीवर ठेवतात हे कुठे लिहिलंय?

फोंडेकरीण
कुठे लिहायला हवं होय? लॅपटॉप कुठे ठेवता, साखळीकर?

साखळीकर_प्र
गादीवर. :)

म्हापशाचा_मिस्त्री
दुरुस्तीचं काम करतो म्हणून जरा लांबण लावतो.

अडीच इंची हार्ड डिस्क वाचता-लिहिताना साधारण दोन वॅट खाते, नुसती फिरत असताना एकाच्याही आत. तेवढ्यात तळवा भाजत नाही. शेजारी बसलेला प्रोसेसर पंधरा वॅटचा, गेमवाल्यांचा पंचेचाळीसचा. त्याची उष्णता मागच्या जाळीतून बाहेर पडली पाहिजे. ती पडली नाही की अख्ख्या पत्र्यात पसरते. शेजारच्या बिऱ्हाडाची चूल आपल्या भिंतीला लागून असावी तसं त्या डिस्कचं होतं. म्हणून 'डिस्क तापते' असं कुणी घेऊन आलं की मी आधी डिस्क नाही, पंखा बघतो.

पंखा नुसता फिरतोय म्हणून समाधान मानायचं नाही. पंख्याचं तोंड आणि तांब्याच्या नळीला लागलेल्या बारीक पट्ट्या, यांच्या मधल्या फटीत धूळ-केस-कापूस साठतो. बाहेरून जाळीतून बघितलं तर पट्ट्या चकचकीत दिसतात, कारण घाण आतल्या बाजूने चिकटलेली असते. पंखा सोडवला की चपटी राखाडी पट्टी अख्खी चिमटीत येते, वर एखादी मुंगी. बाहेरून ब्लोअर मारला तर ती पट्टी उलट पंख्यात जाते. आणि ब्लोअर मारताना पंखा टूथपिकने अडवून धरा, भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं. ब्रश हळू, पट्ट्या वाकतात.

दहा वर्षांच्या मशीनमधली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता नळीकडे नेणारा लेप) सुकून पापुद्रा झालेली असणार. तीही बदलून घ्या, महाग काम नाही.

कूलिंग पॅड: लॅपटॉपच्या बुडाला हवा ओढायची जाळी असेल तर थोडा उपयोग. नसेल तर नुसता आवाज. त्यापेक्षा मागच्या पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवा.

डिचोलीचा_बाबलो
मिस्त्री, एक येडा प्रश्न. आमच्या घरावरून पूर्वी खाणीचे ट्रक जायचे. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या त्याच्या आधीची लाल धूळ अजून आमच्या माळ्यावर आहे. ती लोखंडाची. डिस्क चालते चुंबकावर. आत गेली तर डेटा पुसत असेल का?

म्हापशाचा_मिस्त्री
प्रश्न येडा नाही, गिऱ्हाईकं विचारतात. पण नाही. छिद्राला गाळणी असते, धूळ तबकडीपर्यंत जात नाही. आणि आपल्याकडची लाल माती म्हणजे बहुतेक हेमेटाइट, चुंबकाला ते फारसं दाद देत नाही. घरी चुंबक धुळीवर फिरवून बघा. लाल धुळीचा त्रास पंख्याला होतो. डिचोली-सत्तरीकडचे लॅपटॉप उघडले की आतला तेलकट थर तपकिरी, म्हापशातले राखाडी. न विचारता गाव ओळखतो मी.

खारा_वारा
आणि वास्कोचे हिरवे! समुद्राकडे तोंड करून खिडकी असेल तर धुळीपेक्षा मीठ वाईट. यूएसबीच्या पिनांवर, डिस्कच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर येतो. माझ्या डिस्कला 'सी७' म्हणजे १९९ नंबरच्या ओळीत आकडा सारखा वाढत होता. ती चूक डिस्कची नसते, डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीची असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पट्ट्या पुसल्या, वाढणं थांबलं. जुना आकडा मात्र तसाच राहतो, तो कधी खाली येत नाही. त्याला बघून परत घाबरू नका.

नारळपाणी
अल्कोहोल म्हणजे हुर्राक (काजूची दारू) चालेल का? मोसम आहे.

खारा_वारा
तुला चालेल. डिस्कला नको.

पाटोवाला
साखळीकर, नुसतं तापमान लिहून भागत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये खाली जी यादी येते त्यातल्या खराब जागांच्या ०५, सी५ (म्हणजे १९७), सी६ (१९८) आणि जोडणीची सी७ या ओळींचे आकडे टाका.

साखळीकर_प्र
०५ समोर सगळी शून्यं. सी५ समोर शेवटी १०. सी६ शून्य. सी७ शून्य. वरती पिवळ्यात 'सावधान' लिहिलंय.

पाटोवाला
तो १० म्हणजे दहा नव्हे. हा प्रोग्राम तिथे आकडे मुळात षोडशमानात (दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजून) दाखवतो, त्यामुळे ते सोळा झाले. सोळा सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) असे की डिस्कला वाचता आले नाहीत आणि त्यांचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. लॅपटॉप मध्येच गोठतो त्याचं एक कारण हेच असणार. न वाचता येणारी जागा आली की डिस्क तीच तीच परत वाचून बघते, तेवढा वेळ बाकी सगळं ताटकळतं, आणि फिरत-शोधत राहिल्याने तापतेही.

म्हणजे उष्णता हे इथे लक्षणही आहे. ४ जीबी रॅममुळे विंडोज सारखं डिस्कवर टाकणं-उचलणं करतं, वर सर्च इंडेक्सिंग, वर अँटिव्हायरस. १००% होणारच.

भिवपाची_गरज_ना
मग चेकडिस्क (विंडोजचीच डिस्क-तपासणी) चालवा, आर लावून, म्हणजे खराब सेक्टरही बघेल. रात्री लावून झोपा, सकाळी सगळं ठीक.

फोंडेकरीण
नाही! नाही! नाही! प्रत हातात येण्याआधी चेकडिस्क अजिबात नको. ते अख्खी डिस्क वाचत बसतं. आधीच ५६ वर धापा टाकणारी डिस्क रात्रभर पळवायची, तीही कुणी लक्ष न ठेवता? आणि चेकडिस्क फाइल सिस्टिम नीट करण्यासाठी आहे, तुमच्या फायली वाचवण्यासाठी नाही. गडबड वाटली तर तुकडे कापून बाजूला टाकतं.

भिवपाची_गरज_ना
मी कितीदा चालवलंय, काही झालं नाही.

फोंडेकरीण
तुमच्या डिस्कवर कुणाच्या बाबांची भजनं नव्हती.

भिवपाची_गरज_ना
बरं. प्रत आधी. यावर वाद नाही.

मास्तर_पेडणे
वयाने ज्येष्ठ, संगणकाने कनिष्ठ आहे. साखळीकर, बाबा कुठल्या पथकात गायचे? वास्कोच्या दामोदर सप्ताहात गेले होते का कधी? माझ्याकडे श्रावणातल्या सप्ताहाच्या काही कॅसेटी आहेत, ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवल्यात. अजून वाजतात. उतरवून घ्यायच्या असतील तर सांगा.
विषयाला धरून: लॅपटॉपची बॅटरी जिवंत आहे ना? आमच्याकडे वळवाच्या आधी दिवसातून चारदा वीज जाते. बॅटरी मेलेली असली आणि चार्जरवरच चालवत असलात तर दर खेपेला डिस्क धाडकन बंद पडते. तिला ते सोसत नाही.

साखळीकर_प्र
मास्तर, गावातल्याच भजनी मंडळात, पण सप्ताहाला वास्कोला जायचे. व्यनि (खासगी निरोप) करतो.
बॅटरी अर्धा तास टिकते. आणि तुम्ही बॅटरी म्हणालात म्हणून लिहितो, टचपॅडचं डावं बटण हल्ली दाबलं जात नाही. टचपॅड कडेने किंचित वर आलंय. त्याचा संबंध असेल का?

म्हापशाचा_मिस्त्री
चार्जर काढा. आत्ता.
टचपॅड वर येणं म्हणजे खाली बॅटरी फुगली असणार. लॅपटॉप बंद करा, झाकण दाबून बसवू नका, गादीवर तर अजिबात नको, लादीवर ठेवा. उद्या कुणाकडून तरी उघडून बॅटरी काढून घ्या. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावून 'हवा काढणारे' महाभाग मी पाहिलेत, ते करू नका, पेट घेते. कचऱ्याच्या पिशवीतही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.
डाव्या तळव्याखालचा चटका डिस्कचा की बॅटरीचा, हे आता उघडल्यावरच कळेल.

पाटोवाला
बापरे. धागा कुठून कुठे गेला.

नारळपाणी
फ्रीझरमध्ये ठेवा असं मी आता म्हणणार नाही.

आकडेमोड
बॅटरी काढल्यावर लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालेल, बहुतेक चालतात. पण मग मास्तरांचा मुद्दा डोक्यात ठेवा. कॉपी चालू असताना वीज गेली तर आधीच दुखरी डिस्क अध्येमध्ये बंद पडणार. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर लावा.

पाटोवाला
कॉपी कशी करायची तेही लिहून ठेवतो, इतरांनाही लागेल.
पहाटे करा, खोली सर्वांत गार तेव्हाच असते. लॅपटॉप लादीवर किंवा लाकडी पाटावर, मागून उचललेला, बाजूने टेबल फॅन. आधी भजनांचा फोल्डर, मग फोटो, मग बाकी. सिनेमे सोडून द्या. सगळं एकदम निवडून ओढू नका, थोडं थोडं घ्या, आणि तापमान ५५ ला टेकलं की थांबा. एखाद्या फायलीवर अडकलं तर 'वगळा' म्हणा आणि पुढे चला. अडकलेल्यांसाठी नंतर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेन ड्राइव्हवरून सुरू करून डीडीरेस्क्यू वापरता येतं. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, वाईट जागा नोंदवून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं.

फोंडेकरीण
+१. आणि प्रत झाल्यावर फायली उघडून ऐका. नुसता आकार जुळला म्हणजे गाणं जुळलं असं नसतं.

डिचोलीचा_बाबलो
दरम्यान, मी खरंच चुंबक फिरवून बघितला. अगदी थोडी चिकटली. बायको विचारते, माळ्यावर काय करताय.

साखळीकर_प्र
मंडळी, ताजी खबर.
बॅटरी फुगलेलीच होती. काढली, दुकानात ई-कचऱ्याला दिली. (हे दुसरं दुकान, पहिलं नाही.) पंख्याच्या तोंडाशी मिस्त्री म्हणाले तशीच पट्टी निघाली, रंग तपकिरी. पेस्ट बदलली. आता नुसता चालू असताना ४३-४४, कॉपी करताना ४९.

पहाटे इन्व्हर्टरवर लावून कॉपी केली. भजनांतल्या दोन फायली अडकल्या, बाकी सगळी आली. ऐकतोय. एका अभंगात मध्ये आई कुणाला तरी चहा घेऊन ये म्हणते तेही आहे, इतक्या वर्षांत माझ्या लक्षात नव्हतं आलं. सी५ अजून १० च आहे, म्हणजे सोळा.

आता पुढचा प्रश्न. तापमान उतरलं, तर हीच डिस्क वापरत राहू का?

भिवपाची_गरज_ना
४४ म्हणजे मस्त. वापरा की.

पाटोवाला
वापरा, पण जे गेलं तर डोळ्यांत पाणी येणार नाही तेवढंच त्यावर ठेवा. माझं ऐकाल तर अडीच इंची साटा एसएसडी टाका आणि रॅम ८ करा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तळव्याखालचा हा प्रकारच संपतो. जुन्या डिस्कवरून क्लोन (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करत बसू नका, वाईट सेक्टरवर क्लोन अडकतं. नवीनच बसवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा या मशीनवर लिनक्स मिंट टाकून बघायला हरकत नाही.

आकडेमोड
एसएसडी लॅपटॉपमध्ये हवी, कपाटात नको. भजनांची कायमची प्रत एसएसडीवर उतरवून ट्रंकेत ठेवली असं करू नका. वीज न मिळता पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरतो, आणि उकाड्यात लवकर. घरगुती एसएसडीसाठीचा जेडेकचा (मेमरी-चिपांची मानकं ठरवणारी संस्था) निकष, तिचं लेखन-आयुष्य संपल्यानंतर, ३० अंशांना एक वर्ष एवढाच आहे. नवीन असताना जास्त टिकते, पण ३० अंश आपल्याकडे डिसेंबरातल्या दुपारीही होतात.

खारा_वारा
कपाटासाठी बाहेरची हार्ड डिस्कच बरी. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या चवथीच्या आधी एकदा बदलायच्या, तोपर्यंत पावसाने त्यांचं काम संपवलेलं असतं. तांदूळ नको, पीठ उडतं आणि पोरकिडे होतात. दुसरी प्रत क्लाउडवर, तिसरी बहिणीच्या घरी.

मास्तर_पेडणे
कडुलिंबाचा पाला चालेल का डिस्कला?

खारा_वारा
मास्तर, वाळलेला असेल तर डब्याच्या बाहेर ठेवा. :)

साखळीकर_प्र
एसएसडी मागवतो. मास्तर, रविवारी पेडण्याला येतो, कॅसेट प्लेअर माझा घेऊन येईन. सगळ्यांना देव बरें करूं.
शेवटची शंका: लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह आहे, कधीच वापरत नाही. तो काढून तिथे जुनी डिस्क बसवता येते म्हणे?

म्हापशाचा_मिस्त्री
येते, कॅडी (डीव्हीडीच्या जागी डिस्क बसवायची चौकट) मिळते. पण ती दोन जाडींत येते, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर. ड्राइव्ह बाहेर काढून पट्टीने मोजा आणि मगच मागवा, नाहीतर परत पाठवण्याचा खर्च डोक्यावर. एसएसडी मात्र मूळ जागीच बसवा, काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागेचा वेग कमी असतो. आणि ड्राइव्हच्या पुढची प्लास्टिकची पट्टी जपून काढा, ती नव्या कॅडीला लावायची असते. लोक ती फेकतात आणि मग माझ्याकडे शोधायला येतात.